जुन्या लॅपटॉपची निंदणी

ज्या कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडली जातात आणि तेवढ्या अवधीत फलाटावर बटाटावड्यांची विक्री उरकून घेतली जाते, त्या स्थानकाच्या आसपासच्या गल्ल्यांतून, आणि तिकडे खोपोलीच्या बाजारपेठेतूनही, हिंडताना मोबाईलच्या काचा बदलून देणाऱ्या टपऱ्यांच्या शेजारी ‘जुने लॅपटॉप घेणे-देणे’ अशा आशयाच्या पाट्या आता सहज दृष्टीस पडतात. या व्यापाराला अलीकडे जो ऊत आला आहे त्याचे मूळ कारण कर्जतमध्ये नसून सातासमुद्रापलीकडे आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या प्रणालीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या वसुबारसेला तीन दिवस उरले असताना, थांबवली. तिच्या जागी येणाऱ्या विंडोज ११ने टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि साधारणतः २०१७च्या अखेरीनंतरचा प्रोसेसर यांची अट घातली. आणि परिणामी, ज्यांच्या कळफलकावरची अक्षरे पुसट झाली असली तरी जी दिवसभर इमानाने राबत होती, अशी असंख्य यंत्रे एका तारखेच्या हुकमाने जुनी ठरली. वर्षभराची मुदतवाढ मिळवण्याची सोय कंपनीने ठेवली होती, पण मुदतवाढ मागण्यापेक्षा यंत्र विकून मोकळे होणे पुष्कळांना सोयीचे वाटले. घेणारेही येथे कमी नाहीत. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तेथील विद्यार्थी आहेत. बांधकामाचे छोटे कंत्राटदार आहेत. शेतघरे भाड्याने देणारे आणि त्यांचा हिशेब ठेवणारे आहेत. आणि ज्यांना लॅपटॉप कशासाठी हवा हे अद्याप ठरलेले नाही, परंतु स्वस्त मिळतो आहे म्हणून हवा आहे, असेही आहेत.

या सौद्यात विकणारा बॅटरीविषयी बोलतो, घेणारा रॅम विचारतो, बिजागरी ढिली आहे की घट्ट हे दोघेही पाहतात. आणि यंत्राच्या पोटात काय आहे हा प्रश्न, आलाच तर, एका वाक्यात निकालात निघतो. फॉरमॅट मारलेला आहे, एवढे सांगितले की संपले. हे वाक्य उच्चारणारा मनुष्य बहुधा खोटे बोलत नसतो. तो ज्याला फॉरमॅट म्हणतो ते त्याने खरोखरच केलेले असते.

कर्जतमधल्या अशाच एका दुरुस्तीच्या दुकानात, ज्याचा मालक पंचविशीतला तरुण आहे आणि ज्याच्या टेबलावर उघड्या यंत्रांखेरीज दुसरे काही ठेवायला जागा नसते, खालापूरकडून आलेले एक मध्यमवयीन गृहस्थ आपला लॅपटॉप विकण्यासाठी घेऊन आले होते. दाखल्यांचे अर्ज भरून देणे, झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि वीजबिल भरणा असा त्यांचा व्यवसाय. यंत्र सुरू झाले. पडद्यावर नव्या विंडोजची निळी पार्श्वभूमी आली, तीवर रीसायकल बिन आणि ब्राउझर यांखेरीज एकही चिन्ह नव्हते. गृहस्थ समाधानाने म्हणाले, “कालच फॉरमॅट मारलाय दादा. एकदम कोरा आहे.” तरुणाने काही न बोलता ‘धिस पीसी’वर दोनदा टिचकी मारली. सी आणि डी अशा दोन ड्राइव्ह दिसल्या. सी जवळजवळ रिकामी, आणि डीची निळी पट्टी तीन-चतुर्थांशांहून अधिक भरलेली. त्याने ती उघडली तेव्हा एकाखाली एक फोल्डर आले: आधार स्कॅन, उत्पन्न दाखले, रेशन, चौक सातबारे, वाडीचे फॉर्म, आणि ‘न्यू फोल्डर’ या नावाचे सात-आठ, ज्यांत काय आहे हे उघडल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नव्हते. “अहो, सीचा मारलात तुम्ही,” तो म्हणाला. “डी आहे तसाच आहे.”

लॅपटॉप विकत घेतला की पहिल्याच दिवशी दुकानदाराकडून त्याचे दोन किंवा तीन भाग करून घ्यायचे, पहिल्यात विंडोज ठेवायचे आणि आपली सर्व चीजवस्तू दुसऱ्यात साठवायची, ही आपल्याकडची जुनी वहिवाट आहे, आणि तिच्यामागचा हेतू अत्यंत शहाणपणाचा होता: विषाणू शिरला किंवा यंत्र अडकले तर पुन्हा ‘विंडोज मारता’ यावी आणि आपले कागद सुरक्षित राहावेत. पिढीच्या पिढी या शिस्तीत तयार झाली. जो फॉरमॅट डी ड्राइव्हला धक्का न लावता करायचा म्हणून शिकलो, तोच फॉरमॅट विक्रीच्या दिवशी आपल्याला सर्वस्वी मोकळे करील, असे मानण्यात जी विसंगती आहे ती लक्षात येण्याचे काही कारणच घडत नाही. संरक्षणासाठी उभारलेली भिंत विक्रीच्या वेळी नको तेच राखून ठेवते.

त्या फोल्डरांत असलेले कागद विकणाऱ्याचे नव्हते, आणि मला या विषयावर लिहिण्याजोगे जे वाटते ते एवढेच आहे. शहरातील मनुष्य लॅपटॉप विकताना घाबरतो तो स्वतःसाठी. आपले फोटो, आपले पत्रव्यवहार, आपल्या बँकेचे परवलीचे शब्द कोणाच्या हाती पडतील याची त्याला धास्ती असते. कर्जत-खालापुरात विकल्या जाणाऱ्या यंत्रांत पुष्कळदा विकणाऱ्याचे स्वतःचे असे फारसे काही नसते. त्यात असतात ती इतरांची दप्तरे.

या भागाची परिस्थितीच तशी आहे. मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मधोमध, सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या दोन तालुक्यांतील भातजमिनींकडे आणि माळांकडे शहरांची दृष्टी गेल्याला आता दोन-तीन दशके लोटली. खालापुरातून द्रुतगती मार्ग गेला. पनवेल ते कर्जत असा एकोणतीस-तीस किलोमीटरांचा उपनगरी लोहमार्ग आखला गेला. आणि प्रत्येक आखणीसरशी जमिनीच्या कागदांची वर्दळ वाढली. येथे जमिनीचा साधा व्यवहार असा नसतोच. सातबारा हवा, आठ-अ हवा, मागचे फेरफार हवेत, मोजणीचा नकाशा हवा. १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३ अन्वये शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही, म्हणून घेणारा शेतकरी असल्याचा पुरावा हवा. जमीन कुळाला मिळालेली असेल तर कलम ४३ची पूर्तता. खातेदार आदिवासी असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी. वारस किती, त्यांतल्या बहिणींनी हक्कसोड केली आहे काय, केली असेल तर दस्ताची नक्कल कोठे आहे, ही प्रश्नावली संपत नाही. ज्या जिल्ह्यात चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे शेते पडीक ठेवून संप चालवला, त्या जिल्ह्यात जमिनीच्या कागदाला माणसे किती जपतात हे वेगळे सांगायला नको. असा जपलेला कागद पेटीतून निघतो, प्लॅस्टिकच्या पिशवीतून तालुक्याच्या गावी येतो, स्कॅनरच्या काचेवर उपडा पडतो आणि पुन्हा पेटीत जाऊन बसतो. त्याची प्रतिमा मात्र मागे राहते. आणि पेटीच्या मालकाला तिची गंधवार्ता नसते.

कातकरी आणि ठाकूर वाड्यांची स्थिती याहून नाजूक. जातीचा दाखला, शिधापत्रिका, घरकुलाचा अर्ज, दळी जमिनीविषयीची जुनी टिपणे, २००६च्या वनहक्क कायद्याखालचा दावा आणि त्याला जोडलेले वृद्धांचे जबाब, हे सारे ज्याच्या दुकानात टंकलिखित होते त्याच्याच यंत्रात साठत जाते. या लोकांनी स्वतः आयुष्यात लॅपटॉप विकलेला नसतो, घेतलेला नसतो, बहुधा हाताळलेलाही नसतो. तथापि त्यांचे आधार क्रमांक, अंगठ्यांचे ठसे उमटलेली प्रतिज्ञापत्रे आणि कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या मालकामागून मालक बदलत फिरू शकतात. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यानंतर बहुसंख्य दाखले ऑनलाइन मिळू लागले आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या काढण्याची सोय झाली, ही प्रगती निर्विवाद आहे. परंतु घरबसल्या म्हणजे कोणाच्या घरी बसून, हे विचारले तर वाडीवरच्या माणसाचे उत्तर येईल: बाजारातल्या त्या दुकानात.

आता पुसणे म्हणजे काय ते पाहू. तहसील कचेरीच्या अभिलेखकक्षाची कल्पना करावी: फडताळांतून रुमालात बांधलेली प्रकरणे रचून ठेवलेली आहेत, आणि दाराशी एक नोंदवही आहे, जिच्यात कोणते प्रकरण कोणत्या फडताळाच्या कोणत्या कप्प्यात आहे ते लिहिलेले आहे. संगणकाला एखादी फाइल काढून टाकण्यास सांगितले, रीसायकल बिनही रिकामा केला, तरी तो करतो ते इतकेच, की नोंदवहीतल्या त्या ओळीवर ही जागा मोकळी समजावी असा शेरा मारतो. रुमाल जागच्या जागी राहतो. पुढे कधीतरी त्या कप्प्यात नवे प्रकरण येऊन पडले तरच जुने नाहीसे होते, आणि अर्धवट भरलेल्या फडताळात तसे वर्षानुवर्षे घडत नाही. क्विक फॉरमॅट म्हणजे जुनी नोंदवही बाजूला सारून नवी कोरी वही ठेवणे. कप्प्याकप्प्यांतून हिंडून रुमाल गोळा करणारी सॉफ्टवेअरे बाजारात आहेत, त्यांतली काही विनामूल्य आहेत, आणि ज्या दुकानदाराकडे आपण हरवलेले लग्नाचे फोटो परत मिळवून द्या म्हणून काकुळतीने जातो तो तीच वापरतो. आपल्या गरजेच्या वेळी जी विद्या वरदान वाटते ती विक्रीनंतर दुसऱ्याच्या हाती असते, एवढाच फरक.

फॉरमॅट पूर्ण केला तर गोष्ट निराळी. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट चकतीच्या प्रत्येक भागावर शून्ये लिहितो; त्याआधीच्या एक्सपीत तो तसे करीत नसे, आणि त्या काळचे ज्ञान घेऊन बसलेले लोक दोन्हींत काही अंतर नाही असे आजही ठासून सांगतात. शून्ये लिहायला वेळ लागतो. पाचशे जीबीची जुनी फिरती चकती सेकंदाला ऐंशी एमबीच्या वेगाने लिहीत असेल तर पावणेदोन तास, आणि एक टीबीची असेल तर साडेतीन. क्विक फॉरमॅट काही सेकंदांत होतो. दुकानात गर्दी असताना या दोहोंतून कशाची निवड होते हे सांगण्यासाठी कोणाची साक्ष काढायला नको.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, यंत्राला पूर्वस्थितीत नेण्याची सोय प्रणालीच्या आतच आलेली आहे, आणि तरुणाने त्या दिवशी तीच उघडली. सेटिंग्जमधून रिकव्हरी, रिकव्हरीतून ‘रीसेट धिस पीसी’. पहिला प्रश्न आला: माझ्या फाइल्स ठेवा, की सर्व काही काढून टाका. सर्व काही काढून टाका, यावर त्याने टिचकी मारली. दुसरा प्रश्न, नवी विंडोज इंटरनेटवरून उतरवून घ्यायची की यंत्रात आहे तीच पुन्हा बसवायची. येथवर सगळेच येतात, आणि यानंतर ‘नेक्स्ट’ दाबून मोकळे होतात. त्याने मात्र त्याच पडद्यावर, कोणाच्या सहज लक्षात येऊ नये अशा बारीक अक्षरांतले ‘चेंज सेटिंग्ज’ दाबले, आणि तेथे दोन बटणे उघडी पडली: डेटा साफ करायचा काय, आणि सर्व ड्राइव्हवरील फाइल्स काढायच्या काय. दोन्हींपुढे आधीपासूनच ‘नो’ लिहिलेले होते. कंपनीला यात दोष देता येईलसे मला वाटत नाही, कारण बहुतेक लोक रीसेट करतात ते विकण्यासाठी नव्हे तर अडलेले यंत्र चालते करण्यासाठी, आणि त्यांच्या डी ड्राइव्हवर न विचारता पाणी फिरवले तर हाहाकार उडेल. पण विकणाऱ्याच्या दृष्टीने सगळा प्रश्न त्या दोन बटणांत सामावलेला आहे, आणि ती तो पाहतच नाही. दोन्ही ‘येस’ केली म्हणजे मग पडद्यावर वर्तुळ फिरू लागते आणि टक्क्यांचा आकडा जागचा हलत नाही.

हे काम संध्याकाळी लावून रात्रभर चालू ठेवावे, असा दुकानांचा रिवाज आहे. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा निकामी असते, आणि घाटाच्या पायथ्याशी मृगापासून हस्तापर्यंत वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. चाळीस टक्क्यांवर अंधार झाला तर यंत्र ना जुने राहते ना नवे होते, आणि मग पेन ड्राइव्हवरून सगळे पहिल्यापासून. म्हणून इन्व्हर्टर असलेल्या दुकानांकडे हे काम अधिक जाते.

कारखान्यातून निघाल्यासारखे करून देण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे उत्पादकाने स्वतंत्र कप्प्यात ठेवलेली मूळ प्रत: एचपीच्या यंत्रांत सुरू होतानाच एफ ११, एसरमध्ये ऑल्ट धरून एफ १०. ती प्रत दहा-बारा वर्षांपूर्वीची असते, आणि यंत्र अक्षरशः त्या दिवशीच्या स्थितीत जाते. म्हणजे त्या काळचे विंडोज, त्या काळच्या सुरक्षेच्या त्रुटी, आणि तीस दिवस मोफत म्हणून सोबत आलेला अँटीव्हायरससुद्धा. विकणाऱ्याला याची क्वचितच गरज पडते. खरी विंडोज हातची जाईल ही भीतीही पुष्कळांना असते, आणि विंडोज ७च्या काळात, तळाशी चिकटवलेल्या कागदावरचे पंचवीस अक्षर-अंकांची किल्ली घासून गेली की ती भीती खरीही होती. विंडोज ८ पासून तयार लॅपटॉपची ही किल्ली मदरबोर्डवरच कोरलेली असते, त्यामुळे रीसेटनंतर परवाना आपोआप ओळखला जातो.

या भीतीच्या मानाने दुसऱ्या बाजूची, म्हणजे एकदा वरून लिहून भागत नाही ही, भीती मात्र अवास्तव आहे. पीटर गटमन या संशोधकाने १९९६ मध्ये लिहिलेल्या निबंधात, त्या काळच्या निरनिराळ्या चकत्यांसाठी मिळून पस्तीस वेळा वरून लिहिण्याची पद्धत सुचवली होती, आणि तेव्हापासून पस्तीस हा आकडा मंत्रासारखा जपला जातो. आजच्या चकतीवर तसे करण्याची गरज नाही असे पुढे खुद्द गटमन यांनीच सांगितले. अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेची मार्गदर्शिकाही फिरत्या चकतीसाठी एकदा वरून लिहिणे साधारण कामाला पुरेसे मानते. आपल्याकडे अडचण पस्तीस की एक ही नसून एक की शून्य ही आहे.

एसएसडीची कथा वेगळी. तिच्यात फिरणारी चकती नाही. पेशी झिजू नयेत म्हणून तिचा नियंत्रक लिहिण्याची जागा स्वतःच फिरवत राहतो, आणि आपण ज्या ठिकाणी शून्ये लिहिली असे समजतो ती प्रत्यक्षात दुसऱ्याच ठिकाणी पडलेली असू शकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०११ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले, की एकेक फाइल पुसण्याच्या फिरत्या चकतीसाठीच्या पद्धती एसएसडीवर भरवशाच्या ठरत नाहीत. तिच्यासाठी उत्पादकाची सिक्युअर इरेज आज्ञा वापरावी. किंवा, याहून सोपे, यंत्र वापरात असतानाच बिटलॉकरसारखे कुलूप लावून सर्व मजकूर सांकेतिक करून ठेवावा, म्हणजे विकताना किल्ली नष्ट झाली की उरलेला मजकूर कोणाच्याही उपयोगाचा राहत नाही.

आणि तरीही यंत्रावर सर्वस्वी विसंबता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये असे आढळले, की विंडोजच्या काही आवृत्त्यांत ‘सर्व काही काढून टाका’ हा पर्याय निवडूनही वनड्राइव्हशी जोडलेल्या काही फाइल्स जुन्या विंडोजच्या फोल्डरात शाबूत राहत होत्या. कंपनीने ते मान्य केले आणि पुढच्या महिन्यात दुरुस्ती दिली. म्हणजे रीसेटनंतर एकदा उघडून पाहण्याची तसदी घ्यावी हे उत्तम.

हा हलगर्जीपणा आपल्या खेड्यांचा आहे असे मानून कोणी वाईट वाटून घेऊ नये. सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलत या अमेरिकेतील एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून १५८ चकत्या विकत घेतल्या आणि २००३ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: चालू स्थितीतल्या १२९ पैकी नीट साफ केलेल्या अवघ्या बारा. एक चकती पैसे देणाऱ्या एटीएम यंत्रातून आलेली होती आणि तिच्यात वर्षभराच्या व्यवहारांची नोंद होती. मॉर्गन स्टॅनली या मातब्बर पेढीने आपली जुनी यंत्रे निकालात काढण्याचे काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीवर सोपवले, जिला या विषयाचा काडीचा अनुभव नव्हता; त्यांतील काही यंत्रे ग्राहकांच्या माहितीसकट इंटरनेटवरच्या लिलावात विकली गेली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील रोखे आयोगाने पेढीला साडेतीन कोटी डॉलरांचा दंड केला. ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे त्यांची ही कथा. मग झेरॉक्सच्या दुकानदाराला कोणत्या तोंडाने नावे ठेवायची?

पण आपल्याकडे हे शास्त्र नव्हते असे नाही. सरकारी दप्तरात कागद नष्ट करण्याचीही एक रीत असते, आणि ती ठेवण्याच्या रीतीइतकीच काटेकोर असते. अभिलेखांचे वर्ग पाडलेले असतात: ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’चे दोन पोटवर्ग दहा आणि पाच वर्षांचे, ‘ड’ वर्षभराचा. मुदत सरली की निंदणी होते. नाश करावयाच्या कागदांची यादी होते, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी येते, आणि मगच ते कागद जातात. सरकारी कागद नष्ट करण्याविषयी एक केंद्रीय कायदा १९१७ पासून आहे, आणि महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा २००५चा. या शिस्तीतला महत्त्वाचा भाग मला असा वाटतो, की तीत ठेवणे आणि टाकणे ही एकाच माणसाची, एकाच वेळी घेतलेली, सहीनिशी जबाबदारी असते. काय राखायचे ते ज्याने ठरवलेले नाही त्याला काय जाळायचे तेही ठरवता येत नाही, आणि मग तो एकतर सगळे ठेवतो किंवा सगळे गमावतो.

सगळे गमावण्याचे दुःख या जिल्ह्याला परके नाही. शेजारच्या पेण तालुक्यातले वरसई हे ज्यांचे गाव, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव वणवण करून वाड्यांच्या माळ्यांवरचे रुमाल धुंडाळले, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली, आणि किती घराण्यांनी आपले दप्तर वाळवीला, पावसाला किंवा वाण्याच्या पुड्यांना दिले याचा संताप आयुष्यभर बाळगला. राजवाडे आज असते तर त्यांनी जुन्या लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर झडप घातली असती, यात मला शंका नाही. आणि खालापूरच्या त्या सद्गृहस्थांना काही ऐकूनही घ्यावे लागले असते, ते न पुसल्याबद्दल नव्हे तर पुसायला निघाल्याबद्दल. इतिहासकाराची भूक आणि जिवंत माणसाची अब्रू यांत हा विरोध नेहमीचाच. दोनशे वर्षांपूर्वीच्या कर्जाचा कागद प्रसिद्ध झाला तर वंशजाला अभिमान वाटतो. गेल्या वर्षीच्या कर्जाचा झाला तर त्याची झोप उडते.

तेव्हा पुसण्याआधी राखणे आले. फोटो आणि हिशेब बाहेरच्या चकतीवर घ्यावेत, हे आता कोणालाही सांगावे लागत नाही. ज्यात लोक फसतात त्या बाबी निराळ्या आहेत. टॅली वापरणाऱ्याने रीसेटपूर्वी परवाना सरेंडर केला नाही तर तो जुन्या यंत्रालाच अडकून बसतो आणि नव्यावर हिशेब उघडताना धावपळ होते. मराठी अर्जांचे तर मोठेच प्रकरण आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे बहुतेक दस्त श्री-लिपी, आकृती किंवा कृतिदेव या जुन्या अक्षरमुद्रांत टंकलेले. ते फॉन्ट ज्या यंत्रात होते ते कोरे झाले की तीच फाइल नव्या यंत्रात रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन उघडते. ज्याने अशा फाइल्स आधी युनिकोडमध्ये बदलून किंवा निदान पीडीएफ करून ठेवल्या नाहीत, त्याच्याजवळ दस्त असूनही नसल्यासारखा. ब्राउझरमध्ये साठलेले परवलीचे शब्द, जोडून ठेवलेले व्हॉट्सअॅप, मायक्रोसॉफ्ट आणि गूगलची खाती यांतून बाहेर पडावे. अॅपलचे यंत्र असेल तर खाते सोडल्याशिवाय ते विकूच नये, कारण नव्या मालकाच्या हाती कुलूपबंद पत्रा येतो आणि तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो.

कायद्याचे एका परिच्छेदात सांगून टाकतो. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने अमलात यायचे आहेत. घरगुती उपयोगासाठी ठेवलेली माहिती त्यातून वगळलेली आहे. व्यवसाय म्हणून दुसऱ्याचे कागद हाताळणारा वगळलेला नाही, आणि सुरक्षेची पुरेशी तजवीज न केल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाते. हा आकडा ऐकून खालापूरचा दुकानदार हसेल, आणि ते स्वाभाविक आहे. त्याच्यापर्यंत पोहोचेल असे काही करायचे तर दाखल्यांचे काम करणाऱ्या सेवा केंद्राच्या अटींतच, यंत्र बदलताना जुनी चकती साफ केल्याची नोंद ठेवावी, एवढे एक कलम पुरेल असे मला वाटते. तहसील कचेरीला निंदणी नवी नाही. तिला फक्त ती कचेरीच्या दाराबाहेर न्यायची आहे.

त्या दिवशी काय झाले ते सांगायचे राहिले. गृहस्थ थोडे वरमले, मग म्हणाले, “ही माणसं परत येतात ना मागायला. म्हणून ठेवतो.” यात तथ्य आहे. वाडीवरचा माणूस दाखला हरवला की कचेरीत जात नाही, तो या दुकानात येतो, आणि मागच्या वर्षीची प्रत निघाली तर त्याचा दिवस वाचतो. दुकानदाराचे जुने फोल्डर हे त्याच्या दृष्टीने एक प्रकारचे अभिलेखागारच आहे, फक्त त्याला ना मुदत आहे ना कुलूप. तरुणाने तोडगा काढला तो या व्यवसायात आता बराच रूढ झालेला आहे. जुनी फिरती चकती काढून मालकाच्या हाती द्यायची, यंत्रात एक छोटी नवी एसएसडी बसवायची, यंत्र वेगवान होते म्हणून किंमतही चार पैसे जास्त येते, आणि नव्या मालकाला जुन्याचे काहीच मिळत नाही. काढलेली चकती यूएसबीच्या डबीत घालून वापरता येते, परंतु तिला कुलूप लावा असे त्याने बजावून सांगितले. डबीचे पैसे वेगळे पडले, त्यावर थोडी घासाघीस झाली.

राहता राहिली बंद पडलेली यंत्रे, जी रीसेट होऊ शकत नाहीत आणि म्हणून सगळ्यांत धोकादायक असतात, कारण यंत्र मेले की आतला मजकूरही मेला असा समज होतो. मदरबोर्ड जळाला तरी चकती दुसऱ्या यंत्राला जोडून वाचता येते. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे अशी यंत्रे नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे जावीत. प्रत्यक्षात बहुतेक ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि गंजलेले पत्रे यांच्या सोबतीने, किलोच्या भावाने जातात. चकती आधी काढून घ्यावी. बहुतेक लॅपटॉपच्या खालच्या बाजूचे काही स्क्रू सोडवले की ती हाताशी येते. आणि ती निकामीच करायची असेल तर हातोडा पुरतो, कारण लॅपटॉपमधल्या अडीच इंची चकत्या बहुधा काचेच्या असतात, डेस्कटॉपच्या मोठ्या चकत्यांसारख्या अॅल्युमिनियमच्या नव्हेत. गोणपाटात गुंडाळून मारावे, नाहीतर तुकडे डोळ्यांत उडतात. आतून निघणाऱ्या चुंबकांना मात्र दुरुस्तीवाल्यांकडे मागणी असते. कर्जतच्या त्या दुकानातही टेबलाच्या कडेला दोन चिकटवलेली आहेत, आणि लॅपटॉपचे बारीक स्क्रू हरवू नयेत म्हणून तो ते त्यांवर ठेवतो.